खुरपं उचलण्याआधी: बागेतलं तण ओळखायचं कसं, आवरायचं कसं

वाफ्यात लव्हाळा दिसला की हात आपोआप पुढे जातो. शेंड्याला धरून ओढला की सहज निघतो, बुडाचा पांढरा भाग हातात येतो आणि वाटतं, झालं काम. आठ-दहा दिवसांनी त्याच जागी दोन कोंब उभे असतात. माझ्या एका वाफ्यात मी जवळजवळ दोन वर्षं हेच करत होते. मग एका सकाळी एक कोंब न उपटता त्याच्या भोवतीची माती पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढली. वरच्या बाजूला कांद्यासारखा फुगलेला बुडखा होता. त्यातून दोऱ्याएवढी मुळी आडवी गेलेली, तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढी काळपट गाठ, त्या गाठीतून पुढे आणखी मुळी आणि आणखी गाठ. वीतभर खोलीपर्यंत सात गाठी मोजल्या. म्हणजे दोन वर्षं मी फक्त पानं काढत होते आणि झाड मातीत सुखरूप होतं.

त्या दिवसापासून तणाकडे बघायची माझी रीत बदलली. नाव माहीत असलं तर चांगलंच, पण त्याहून कामाचा प्रश्न असा की हे तण स्वतःला वाढवतं कशाने? बीने, खोडाच्या पेरांनी, की जमिनीतल्या गाठींनी? याचं उत्तर मिळालं की कधी उपटायचं, कधी कापायचं, काय झाकायचं आणि काय कंपोस्टमध्ये अजिबात टाकायचं नाही, हे सगळं आपोआप ठरतं.

साधं तण आणि आक्रमक तण

नको त्या जागी उगवलेलं कुठलंही झाड म्हणजे तण. या अर्थाने गुलाबाच्या आळ्यात उगवलेला झेंडूही तणच. आक्रमक तण मात्र वेगळं. ते बहुतेकदा दुसऱ्या प्रदेशातून आलेलं असतं, आणि त्याच्या मूळ गावी त्याला खाणारे किडे, त्याच्यावर पडणारे रोग मागेच राहिलेले असतात. नव्या जागी त्याला आवरणारं कुणी नसतं. बाकीची झाडं आपल्या किडींशी झगडत असतात, तोवर हे सगळी जागा व्यापून मोकळं होतं.

हे किती खरं आहे, याचा पुरावा ऑस्ट्रेलियात मिळाला. कुंपणासाठी आणि शोभेसाठी नेलेला फड्या निवडुंग तिथे 1920च्या दशकापर्यंत दोन कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर पसरला होता. तोडून, जाळून, विष घालून हटेना. मग अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली. या पतंगाच्या अळ्या निवडुंगाचे फडे आतून पोखरतात. 1926 पासून ते पतंग सोडले आणि काही वर्षांतच निवडुंगाची रानंच्या रानं कोसळली. मात्र हाच पतंग पुढे उत्तर अमेरिकेत पोचला तेव्हा तिथल्या स्थानिक निवडुंगांना धोका झाला. म्हणून असे उपाय फार तपासून, शास्त्रज्ञांनीच करायचे असतात. आपण घरबसल्या किडे आणून सोडायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. यातली कित्येक तणं बागेतूनच बाहेर पडलेली आहेत. घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात, ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून रंगीत फुलांसाठी जगभरच्या बागांत गेली. जलपर्णी तिच्या जांभळ्या तुऱ्यांसाठी तळ्यांत लावली गेली. जपानी नॉटवीड एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून युरोपात आलं. या तिन्ही वनस्पती आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने काढलेल्या जगातल्या 100 अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. आपल्या अंगणातलं झाड कुंपणाबाहेर गेलं तर काय होऊ शकतं, ते यावरून कळावं.

ओळख पटवायची ती पानांवरून कमी, बुडावरून जास्त

पान पाहून नाव सांगणं अवघड असतं आणि कोवळ्या रोपांत तर फसगत ठरलेली. गाजरगवताचं लहान रोप शेवंतीसारखं किंवा गाजरासारखं दिसतं. लव्हाळा लांबून गवतच वाटतो. म्हणून मी चार गोष्टी बघते.

पहिली, खोड बोटांत फिरवून बघायचं. लव्हाळ्याच्या फुलोऱ्याचा दांडा तीन धारांचा असतो, फिरवताना बोटांना कडा जाणवतात. गवताची काडी गोल किंवा चपटी लागते. हा फरक महत्त्वाचा, कारण गवतावरचे बरेच उपाय लव्हाळ्याला लागू पडत नाहीत. दुसरी, खोड मोडून बघायचं. दुधीसारख्या तणातून पांढरा चीक येतो (तो डोळ्यांना लागू देऊ नका), घाणेरीचं पान चुरगळलं की उग्र वास येतो. तिसरी, जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळं फुटलीत का ते बघायचं. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: एक तरी रोप मुळासकट, माती धुऊन, अख्खं बाहेर काढून बघायचं. सरळ सोटमूळ आहे, जटामुळं आहेत, की गाठी आहेत? पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे कित्येक महिने वाचवतं.

आपण पेरलेलं रोप कुठलं आणि तण कुठलं, हा घोळ टाळायला दोन सोप्या युक्त्या आहेत. बी विस्कटून न टाकता ओळीत पेरायचं, म्हणजे ओळीबाहेरचं ते तण. आणि त्याच बियांतल्या चार-पाच बिया स्वच्छ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या वेगळ्या कुंडीत लावायच्या. कुंडीत जे रोप येईल त्याच्याशी वाफ्यातलं ताडून पाहायचं. फोनवरची झाड ओळखणारी अ‍ॅप्स फुलावर आलेल्या झाडासाठी बरी आहेत, दोन पानांच्या रोपासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

गाजरगवताबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ते बागेइतकंच आपल्या अंगालाही त्रास देतं. पानं बारीक कातरलेली, फिकट हिरवी, लव असलेली. फुलं पांढरी, जेमतेम चार मिलिमीटरची, जवळून पाहिलं तर पाच कोन असलेल्या गोळ्यांसारखी. त्याच्या लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याने कित्येकांच्या कातडीला खाज सुटते, चट्टे येतात आणि परागांमुळे शिंका, दमा उठतो. म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्या घातल्याशिवाय हात लावायचा नाही, फुलावर असेल तर तोंडाला फडकंही बांधायचं. त्याच्या पानांवर फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी पट्टे असलेला छोटा भुंगेरा दिसला तर त्याला मारू नका. तो मूळ मेक्सिकोचा, गाजरगवत खाण्यासाठीच भारतात 1984 साली आणि ऑस्ट्रेलियात त्याच्याही आधी आणलेला आहे.

बीवर जगणारी तणं: फुलाच्या आधी गाठा

गाजरगवत, ओसाडी, रानमाठ, दुधी ही बीवर जगणारी तणं. उपटायला सोपी, पण उशीर झाला की हिशेब फिरतो. गाजरगवताचं एक मोठं झाड 15 ते 25 हजार बिया टाकू शकतं, आणि रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. म्हणजे पुढच्या सुट्टीत बघू म्हणून ठेवलेलं एक रोपही महागात पडतं.

त्या बिया कुठे जातात? मातीत. आणि तिथे वाट बघतात. चार्ल्स डार्विन यांनी एका तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल घरी आणून झाकून ठेवला होता. सहा महिन्यांत त्यातून 537 रोपं उगवली. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली तणांच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. ठरावीक काळाने एकेक बाटली उकरून त्या बिया पेरून पाहायच्या, असा तो प्रयोग अजून चालू आहे. 2021 साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया, म्हणजे 142 वर्षांपूर्वी पुरलेल्या, तरीही रुजल्या. सगळ्या तणांचं बी इतकं टिकत नाही, पण काही वर्षं टिकणं अगदी सर्रास आहे.

या साठ्याचं एक मर्म आहे. बारीक बियांना रुजायला बहुधा उजेडाची चाहूल लागते. खोल गाडलेलं बी झोपून राहतं. आपण वाफा खणला की ते वर येतं, उजेड लागतो आणि जागं होतं. नव्याने खणलेल्या जागेत तणाची लव उगवते ती यामुळे. तेव्हा तण काढताना माती जितकी कमी हलवाल तितकं बरं. खुरपं खोल न घालता, वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आडवं फिरवायचं. रोप दोन-चार पानांचं असताना, कोरड्या उन्हाच्या दिवशी. कापलेली रोपं तिथेच दुपारपर्यंत वाळून जातात. मुळासकट उपटायचं असेल तर मात्र वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी. कोरड्या कडक जमिनीत मूळ तुटतं आणि आत राहतं.

नवीन वाफ्यासाठी मला सगळ्यात आवडणारी रीत म्हणजे तणाला आधी उगवू देणं. वाफा पूर्ण तयार करायचा, पाणी द्यायचं आणि काहीही न पेरता दहा-पंधरा दिवस थांबायचं. वरच्या थरातलं बी एकदम रुजून येतं. मग वरच्यावर खुरपून ते कापायचं, माती पुन्हा उलटीपालटी करायची नाही, आणि त्यावर आपली रोपं लावायची. धीर लागतो, पण पुढची निंदणी निम्म्यावर येते असा माझा अनुभव आहे.

जागा फारच तणकट असेल तर उन्हाचा उपयोग करून घ्यावा. इस्रायलमधल्या याकोव काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली ही पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली. वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत जमीन सपाट करून भरपूर भिजवायची, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. प्लास्टिक काळं घेतलं तर ते स्वतःच तापतं, पारदर्शक असेल तर ऊन आत जाऊन माती तापते. वरच्या थरातलं बरंच बी यात भाजून मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठींना मात्र याचा फारसा फरक पडत नाही. जागा सावलीत असेल किंवा आभाळ सतत भरलेलं असेल, तर ही मेहनत करू नका.

आणि आच्छादन. पालापाचोळा, वाळलेलं गवत, लाकडाचा चुरा, जे मिळेल ते सात ते दहा सेंटिमीटर जाड. पातळ थराने तण थांबत नाही, उलट ओलावा मिळून जोमाने येतं. झाडाच्या खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. गवत वापरताना त्यात बी धरलेलं नाही ना, ते चुरगळून बघा.

पेरांवर वाढणारी तणं: तुकडा राहिला की झाड आलं

हरळी, केना, आंबुशी, शोभेला लावलेली आणि मग न आवरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया, ही सगळी पेरापेराला मुळं सोडतात. खुरप्याने तुकडे केले की आपणच कलमं लावल्यासारखं होतं. जपानी नॉटवीडचा तर एक ग्रॅमपेक्षाही लहान मुळीचा तुकडा नवं झाड उभं करू शकतो.

केना मला फार अजब वाटतो. वर छोटी निळी फुलं येतात, ती आपण पाहतो आणि वेळेत खुडतोही. पण हा केना जमिनीखालीही फुलतो. मुळाजवळून पांढऱ्या फांद्या मातीत शिरतात, त्यांना न उमलणारी फुलं येतात आणि अंधारातच त्यांच्यात बी भरतं. म्हणून फुलं खुडून केना आटोक्यात येत नाही. तो बुडापासून, पांढऱ्या फांद्यांसकट उकरूनच काढावा लागतो. आणि काढलेला ढीग वाफ्याच्या कडेला ठेवायचा नाही, ओल मिळाली की तिथेच पुन्हा मुळं धरतो. घोळही तसाच. मांसल असल्यामुळे उपटल्यावरही बरेच दिवस जिवंत राहतो आणि पडल्या-पडल्या बी पिकवतो.

आंबुशीच्या पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फुटते आणि बी दूरवर उडतं. त्यामुळे ती शेंगा हिरव्या असताना काढा. कुंडीत आली असेल तर वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा मातीचा थर काढून नवी माती घालणं हा उपाय चांगला लागू पडतो.

हरळीला सावली सोसत नाही. तिच्या काशा, म्हणजे मातीत आडवी पसरलेली पेरांची खोडं, हाताने वेचून काढायच्या. कुदळीने तोडण्यापेक्षा काट्याच्या फावड्याने माती सैल करून त्या अखंड ओढाव्यात. मग त्या जागी जाड पुठ्ठा अंथरून वर आच्छादन टाकायचं. पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांवर वीतभर चढलेले असावेत, कारण फट दिसली की हरळी तिथूनच डोकं काढते.

लव्हाळा: उपासमार हाच उपाय

जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांमध्ये लव्हाळ्याला अनेक तज्ज्ञ पहिल्या क्रमांकावर ठेवतात. त्याची ताकद गाठींच्या माळेत आहे. माळ अखंड असते तेव्हा तिच्यातल्या मोजक्याच गाठी फुटतात, बाकीच्या निजलेल्या राहतात. माळ तुटली की निजलेल्या गाठीही एकेक करून कोंब काढतात. जोरात उपटल्यावर एकाच्या जागी दोन का आले, याचं उत्तर हे. टोकदार कोंब प्लास्टिकच्या पातळ कागदालाही भोक पाडून वर येतो, तेव्हा नुसतं झाकून भागत नाही.

पण प्रत्येक गाठीतला साठा मर्यादित आहे. कोंब वर काढायला ती तो खर्च करते, आणि पानं काही आठवडे उन्हात राहिली की कमाई परत खाली जमा होऊन नव्या गाठी धरतात. कमाईची ही वेळ येऊच द्यायची नाही. दर दहा ते चौदा दिवसांनी, न चुकता, प्रत्येक कोंब जमिनीच्या थोडा खाली कापायचा. सुरुवातीला काहीच फरक दिसत नाही, उलट कोंब वाढल्यासारखे वाटतात. ते वाढू द्यात, निजलेल्या गाठी खर्चात पडल्याची ती खूण आहे. दोन-तीन महिन्यांनी कोंब बारीक, फिकट येऊ लागतात. मध्येच महिनाभर खंड पडला तर मात्र गाठी पुन्हा भरतात.

यासोबत सावली द्यायची. लव्हाळा उन्हाचा भुकेला. रुंद पानांची, दाट पसरणारी झाडं जवळजवळ लावली की त्याचा जोर मोडतो. जागा रिकामी ठेवता येत असेल तर कोरड्या कडक उन्हात माती खणून गाठी वर आणायच्या आणि पसरून वाळवायच्या. पाऊस किंवा पाणी न लागता बरेच दिवस कडक वाळल्या तर त्या मरतात. ओल्या दिवसांत खणलं तर तीच मेहनत त्याच्या पथ्यावर पडते. कुंडीत तर फारच सोपं: माती ताडपत्रीवर पालथी करून चाळायची, गाठी वेचायच्या आणि कुंडीच्या तळाच्या भोकातही एखादी अडकली आहे का ते बघायचं.

घाणेरी, सुबाभूळ अशा लाकडी तणांना वेगळा नियम. लहान असताना वाफशावर मुळासकट उपटा. मोठं झाल्यावर नुसतं छाटलं तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात, म्हणून बुंधा खणून काढा आणि पुढचं वर्षभर त्या जागेवर नजर ठेवा. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि कुंपणाखाली, तारेखाली नवी रोपं उगवत राहतात.

मीठ, व्हिनेगर आणि फवारे

मीठ टाकू नका. तण मरतं हे खरं, पण मीठ मातीत राहतं आणि पुढे तिथे काहीच नीट वाढत नाही. घरगुती व्हिनेगर वरची पानं भाजतं, मुळाला धक्का लागत नाही. कोवळ्या रोपांपुरतं ठीक, लव्हाळ्यावर वाया. फरशीच्या फटींत उकळतं पाणी चांगलं काम करतं, फक्त जवळ हव्या त्या झाडाचं मूळ नाही ना ते पाहा.

तणनाशकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरच्या बागेत त्यांची गरज क्वचितच पडते. ग्लायफोसेट नावाचं तणनाशक पानातून मुळापर्यंत जातं, आणि हवं-नको पाहत नाही. वाऱ्यावर उडालेले तुषार शेजारच्या गुलाबाला पुरेसे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली त्याला बहुधा कर्करोगकारक ठरवलं, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तसं मानलं नाही. अनेक ठिकाणी त्याच्या वापरावर निर्बंध आहेत. वापरायची वेळ आलीच तर तुमच्याकडचा कायदा आणि लेबल दोन्ही वाचा, वारा पडलेला असताना, हातमोजे घालून, फवारण्याऐवजी कुंचल्याने फक्त तणाच्या पानाला लावा.

काढलेलं तण जाऊ द्यायचं कुठे

फुलं-बी न धरलेलं, गाठी नसलेलं तण वाळवून बिनधास्त कंपोस्टमध्ये टाका. बी मारायला ढीग आतून 55 ते 60 अंश सेल्सियसपर्यंत तापून काही दिवस तसाच राहावा लागतो. घरच्या छोट्या पिंपात ते बहुधा होत नाही. म्हणून बी धरलेलं तण, गाठी, काशा, केना हे सगळं झाकणाच्या बादलीत, वर दगड ठेवून, दीड-दोन महिने पाण्याखाली बुडवून ठेवायचं. कुजून त्याचा काळा चिखल झाला की मगच कंपोस्टमध्ये. वास येतो, बादली जरा लांब ठेवा. जलपर्णी किंवा टाकीतलं कुठलंही पाणतण ओढ्यात, नाल्यात सोडू नका. अनुकूल हवेत जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते.

आता लव्हाळा माझ्या बागेत आला कसा, ते सांगायचं राहिलं. त्या वाफ्याच्या मधोमध एक जास्वंद आहे. नर्सरीतून आणलेली, पिशवीतल्या मातीसकट लावलेली. तेव्हा पिशवीत दोन हिरवी पाती होती, मी ती खुडून टाकली होती. हल्ली नवीन रोप आलं की ते तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब, एका थाळीवर ठेवते. पिशवी उघडून मुळांचा गोळा चहूबाजूंनी बघते, वरची बोटभर माती काढून टाकते आणि काळपट गाठ दिसली तर मुळं पूर्ण धुऊन नव्या मातीत लावते. खुरपं आणि चपलांचे तळवेही एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना झटकते. जास्वंदीच्या वाफ्यात गेल्या महिन्यात तीनच कोंब निघाले, बारीक आणि फिकट. चौदा दिवस झाले की पुन्हा बघायचे आहेत.